सातव्या लेण्यापुढील वाद

एकत्र कुटुंबात वाद कशावरून पेटेल याचा नेम नसतो. आमच्या घरी वाटणीवरून कधी शब्दाने शब्द वाढला नाही, लग्नकार्यांतील मानपानावरूनही फारसा नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात एका मंगलकार्याच्या तोंडावर गाण्यावरून असा वाद माजला की, पितापुत्रांनी दीड दिवस एकमेकांशी बोलणे टाकले. हा वाद जेथे रंगला ते स्थळही असे की, वाद विसरला तरी स्थळ विसरावयाचे नाही. म्हणून दोहोंची हकीकत एकत्रच सांगतो.

आमचे वडील चुलते तात्या हे छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे २०२३ पूर्वीच्या औरंगाबादचे, पिढीजाद रहिवासी. आमचे तीर्थरूप नोकरीनिमित्त पुण्यास आले व तेथलेच झाले. तात्यांनी मात्र औरंगपुऱ्यातील वाडा सोडून समर्थनगरात घर बांधले, यापलीकडे स्थलांतर केले नाही. त्यांचे सहस्रचंद्रदर्शन तेथेच करावयाचे ठरले. सकाळी धार्मिक विधी, दुपारी पंक्ती आणि सायंकाळी गाण्याची बैठक असा बेत होता. गावातील चार गुणी गायक-गायिका, साथीस तबला, संवादिनी व बासरी. गाणी बारा. गवयांची अट एकच : यादी आदल्या दिवशी सकाळपर्यंत हातात पडावी. ही यादी करण्याचे काम घरच्या मंडळींकडे आले आणि तेथेच ठिणगी पडली.

पुण्याहून आम्ही पहाटे मोटारीने निघालो. अहिल्यानगर मागे टाकून, टोके येथील सिद्धेश्वराच्या देवळापाशी फराळ उरकून गोदावरी ओलांडली, तो पलीकडून दादांचा, म्हणजे तात्यांच्या वडील चिरंजीवांचा, दूरध्वनी आलाच. “लवकर या. तात्या ऐकत नाहीत,” एवढेच बोलून त्यांनी तो ठेवून दिला. आम्हास वाटले, प्रकृतीचे काही असेल. घरी पोहोचल्यावर पाहतो तो तात्या झोपाळ्यावर ताठ बसलेले, दादा ओसरीच्या दुसऱ्या टोकास, आणि मध्ये एक कोरा कागद.

तात्यांचे म्हणणे असे की, मराठी गाण्याचे वैभवाचे दशक एकच, १९५५ ते १९६७. बाराही गाणी त्यातलीच असावीत. “ते दशक नव्हे, तप झाले,” असे दादांनी म्हणताच तात्या म्हणाले, “मग तप म्हणा. तपश्चर्येवाचून असे गाणे होत नाही.” त्यांच्या हट्टामागे एक इतिहास आहे, तो मुंबई-पुण्याकडील वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. राजभाषा उर्दू; साध्या सभेसही सरकारची पूर्वपरवानगी लागे. औरंगाबादेस निजामी काळापासून नभोवाणीचे केंद्र होते, ते १९५० साली आकाशवाणीच्या ताब्यात आले. परंतु घरोघरी मराठी गाणे ऐकू येण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा तात्या अकरा वर्षांचे होते. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. वर्षाच्या बावन्न आठवड्यांस बावन्न गीते असा मूळ संकल्प. पण त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गीते छप्पन्न झाली. शेजारच्या वकिलांकडे रेडिओ होता, त्यापुढे सतरंजी अंथरून आळी बसे. पुण्याचा आवाज खरखरीतून तरंगत येई. तात्या सांगतात की, पुष्कळ शब्द त्या खरखरीत बुडत, ते वकीलसाहेब मागाहून सांगत. पुढे १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ ही नाटके आली, अभिषेकीबुवांच्या चालींनी संगीत रंगभूमीस पुन्हा उजाळा मिळाला, आणि तात्यांच्या मते तेथे मराठी गाण्याचा कळस झाला.

दादांचा जन्म १९६७ चा. म्हणजे तात्यांचे दशक संपले तेव्हा हे पाळण्यात. त्यांचा पक्ष १९७७ सालच्या ‘जैत रे जैत’चा. त्यातील गीते ना. धों. महानोर यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. महानोर हे याच जिल्ह्यातील, सोयगाव तालुक्यातील पळसखेड्याचे. अजिंठ्याच्या डोंगराखाली शेती करीत त्यांनी कविता लिहिल्या आणि २०२३ च्या ऑगस्टात निधन पावेपर्यंत त्या मातीशी नाते तोडले नाही. या एका गोष्टीवर दादांनी आपला सारा पक्ष उभा केला होता, आणि भांडणाच्या भरात ते जे बोलले त्यानेच अबोला घडला. ते म्हणाले, “तात्या, तुमचे गाणे पुण्याहून उसने आले. आमचे येथून गेले.”

वास्तविक वाक्य चांगले आहे, आणि आमच्या मते त्यात बरेच तथ्यही आहे. परंतु ज्या गाण्यावर ज्याचे बालपण पोसले त्यास ते ‘उसने’ म्हणणे म्हणजे त्याच्या आईस परकी म्हणण्यासारखे आहे. तात्यांनी कागदावरून हात उचलला तो पुन्हा ठेवला नाही.

बाकीच्या मंडळींची मते थोडक्यात सांगतो. वहिनींना १९९० नंतरची हिंदी चित्रपटगीते प्रिय. ‘आशिकी’ची कॅसेट त्यांनी इतकी वाजविली की फीत ताणून आवाज वाकडा झाला. पण वाद घालण्यास त्यांना सवड नव्हती. उद्या किती पाने आणि केटररला किती सांगावयाचे, हा त्यांचा प्रश्न अधिक निकडीचा होता. दादांची कन्या संख्याशास्त्र शिकते. तिचा कौल अजय-अतुल यांच्या ‘सैराट’कडे. २०१६ साली तिचे वय सतरा. त्या चित्रपटातील पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत ध्वनिमुद्रित केला होता आणि चित्रपटगृहात लोक खुर्च्या सोडून नाचले होते, हे तिने दोनदा सांगितले. आमच्या चिरंजिवांनी तर २०२० नंतरची काही नावे घेतली. ती आम्हास कळली नाहीत, सबब येथे देता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनीच तोड काढली. “घरात बसून कढत राहण्यापेक्षा सगळे फिरून या. मलाही मोकळेपणी कामे आटपता येतील,” असे म्हणून त्यांनी आम्हा सर्वांस, तात्या-काकूंसह, दोन मोटारींत घालून दिले. तात्या एका मोटारीत, दादा दुसऱ्या.

प्रथम देवगिरी. किल्ला चढण्याची वडील मंडळींस शक्ती नव्हती. चांदमिनाराच्या सावलीत बैठक मारली. तेथे आमच्या ध्यानात एक गोष्ट आली ती सांगितल्यावाचून राहवत नाही. तेराव्या शतकात याच देवगिरीस सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. हुद्दा जमाखर्चाच्या खात्याच्या मुख्याचा. आजच्या भाषेत हा गृहस्थ महालेखापाल. पण हिशेबाच्या वह्या मिटल्यावर त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. उत्तर व दक्षिण या दोन्ही पद्धतींचे संगीतज्ञ ज्यास प्रमाण मानतात असा तो आहे. त्यात त्याने संगीताचे मार्ग आणि देशी असे दोन भेद सांगितले. मार्ग म्हणजे देवादिकांनी प्रवर्तित केलेले, नियमबद्ध. आणि देशी म्हणजे त्या त्या प्रदेशातील लोकांस आपापल्या आवडीप्रमाणे जे रिझविते ते. आमच्या घरी ज्यावरून कलह माजला होता ते सारे या व्याख्येने देशीच. गंमत अशी की, शार्ङ्गदेवाचा ग्रंथ अक्षरशः शाबूत आहे, पण त्याने वर्णिलेले राग त्या काळी कसे कानी पडत हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्या गाण्याने देवगिरीचे बाजार रंगले असतील त्याचा तर मागमूसही नाही. गोपाळ नायक येथलाच, आणि अमीर खुस्रोशी त्याचा सामना झाला अशी दंतकथा आहे. परंतु दंतकथा म्हणजे काही स्वर नव्हेत.

काकू इतका वेळ मिनाराकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “वर जनार्दनस्वामींचे स्थान आहे ना? नाथमहाराज याच गडावर त्यांच्या सेवेत होते. त्यांची भारुडे आम्ही लहानपणी म्हणत असू.” एकनाथांचा काळ १५३३ ते १५९९. गाण्यांचा निवाडा दशकांनी करावयाचा, तर चारशे वर्षांनीही गावच्या जत्रेत जे गाणे लोक हसत-खेळत म्हणतात ते कोणत्या रकान्यात घालावयाचे? त्याच वाटेवरचे अमृतराय. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, निजामाची राजधानी अजून हैदराबादेस गेली नव्हती तेव्हा, औरंगाबादेत त्यांच्या कीर्तनांस आणि कटावांस लोटणाऱ्या गर्दीची वर्णने आहेत. अमृतरायांचे कटाव आता अभ्यासकांखेरीज फारसे कोणी म्हणत नाही; नाथांचे भारूड मात्र शाळेच्या स्नेहसंमेलनातही होते. असे का व्हावे, याचे उत्तर आमच्या संख्याशास्त्री कन्येपाशी होते.

ती म्हणाली, “आजोबा, जुनी गाणी चांगली असतात असे नव्हे; चांगली तेवढी उरतात. १९६० सालीही टाकाऊ गाणी शेकड्यांनी झाली असतील. ती काळाच्या चाळणीतून गळून गेली. आजची अजून चाळायची आहेत, म्हणून कचरा दिसतो.” आणखीही एक तिने सांगितले. १९८९ साली हॉलब्रुक व शिंडलर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांस निरनिराळ्या वर्षांची लोकप्रिय गाणी ऐकवून त्यांची आवड मोजली. त्यांस असे आढळले की, माणूस सुमारे चोविशीत असताना जे गाणे गाजत होते तेच त्यास सर्वांत गोड वाटते. तिने कागद काढून आमच्या साऱ्यांच्या जन्मसालांपुढे आवडीची साले मांडली. थोड्याफार फरकाने सर्वांचे कोडे सुटले. दादांनी ते हसून मान्य केले, तात्या म्हणाले, “म्हणजे रामायण मला आवडले ते माझे वय कोवळे होते म्हणून? माडगूळकरांचा त्यात काही हात नाही?” या प्रश्नास संख्याशास्त्रात उत्तर नसावे. निदान तिने दिले नाही.

दुपारी जेवण व थोडी वामकुक्षी आटोपून, उन्हे कलल्यावर औरंगाबादची लेणी पाहण्यास निघालो. वेरूळ-अजिंठ्यास जाणारे हजारो लोक या गावात उतरतात आणि गावालगतची ही लेणी न पाहताच परततात, हे आम्हास नेहमी नवल वाटत आले आहे. बीबीच्या मकबऱ्यापासून उत्तरेस दोनएक किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत ही बारा बौद्ध लेणी आहेत. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातील. पायऱ्या बऱ्याच आहेत. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांनी खालीच बसावे असे आम्ही सुचविले. त्या म्हणाल्या, “इथे साठ वर्षे राहून एकदाही वर गेले नाही. आज जाईन.” दादांनी एक हात धरला, नातीने दुसरा, दर वीस पायऱ्यांवर थांबत सारी मंडळी वर पोहोचली. वरून खाली पाहिले म्हणजे मकबऱ्याचा पांढरा घुमट, विद्यापीठाची झाडी आणि पलीकडे पसरलेले शहर असा देखावा दिसतो. हवा स्वच्छ होती.

सातवे लेणे हे त्यांतील मुकुटमणी. ओसरीच्या भिंतीवर डावीकडे अवलोकितेश्वर. त्याच्या दोहो बाजूंस आग, हत्ती, सिंह, चोर, बुडणारी नौका अशा आठ महाभयांत सापडलेली माणसे त्याचा धावा करीत आहेत. आत गाभाऱ्यात बसलेले भगवान बुद्ध. आणि गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर, अंधारात डोळे सरावल्यावर दिसते ते शिल्प : मध्यभागी नृत्यात कंबर लचकवून उभी असलेली एक नर्तकी आणि तिच्या भोवती साथीस बसलेल्या सहा स्त्रिया. एकीच्या ओठी बासरी, कोणाच्या हाती झांज, कोणापुढे चर्मवाद्ये. पुरुष एकही नाही. सातजणींची बैठक ऐन रंगात आली असताना कोणी तरी काळ थांबवावा असे ते दृश्य आहे. बासरीवालीने मान किंचित कलविली आहे. सूर लागल्याची खूण ती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रातही असा नाच आहे व वादक आहेत, पण तेथे रंगांचा मोह मध्ये येतो. येथे नुसता दगड, आणि तरी कान लावून बसावेसे वाटते.

आम्ही बाहेर ओसरीत येऊन टेकलो. वाद पुन्हा सुरू झालाच. या खेपेस आम्ही स्वतः त्यात एक काडी टाकली. आमच्या आजोबांच्या तबकड्यांची आठवण काढून आम्ही म्हटले की, दशकच निवडावयाचे तर १९११ ते १९२१ का नको? १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. १९१६ साली भास्करबुवा बखल्यांच्या चालींचे ‘स्वयंवर’. आणि ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून केलेला संयुक्त ‘मानापमान’. आजोबांपाशी किल्लीचा फोनो होता. दर बाजूस सुई बदलावी लागे आणि तीन-साडेतीन मिनिटांत तबकडी संपे. मैफलीत अर्धा तास रंगणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबावे लागे. पुढे गाणे तीन मिनिटांचेच असावे अशी जी चाल पडली तिचे मूळ हे यंत्र होय. चित्रपट आले, रेडिओ आला, तरी ती लांबी बरेच दिवस टिकली.

आमचे बोलणे जरा मोठ्याने चालले असावे. शेजारी विद्यापीठातील दोन तरुण बसले होते. त्यांतील एकाने अदबीने विचारले, “काका, रागावणार नसाल तर एक विचारू? मघापासून ऐकतो आहे. तुमच्या यादीत वामनदादा कर्डक कसे नाहीत?” आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो म्हणाला की त्याच्या आजोबांस अक्षर येत नव्हते. बाबासाहेब काय म्हणाले हे त्यांस वामनदादांच्या आणि जलशांच्या गाण्यांतून कळले. खाली नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली काढलेले महाविद्यालय आहे, त्यात त्याचे वडील शिकले. “आमच्या घरी गाणे नसते, तर शाळाही नसती,” असे तो सहज बोलून गेला. दर एप्रिलात आणि डिसेंबरात ही गाणी तात्यांच्या खिडकीतून आत येतात. पंचाहत्तर वर्षे येत आहेत. तात्या थोड्या वेळाने म्हणाले, “खरे आहे. ऐकली पुष्कळ. मोजली नाहीत.” त्यांनी त्या तरुणास एक गाणे निवडून देण्यास सांगितले, आणि नातीने ते कागदावर उतरून घेतले. यादीतील हे पहिलेच गाणे.

कागद निघालाच आहे तर काकूंनाही विचारावे, असे नातीच्या मनात आले. “आजी, तुझे आवडते दशक कोणते ग?”

काकू गाभाऱ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “मला कसलं आलंय दशक? माझं नव्हतंच.”

आम्हास वाटले, त्या थट्टा करीत आहेत. पण त्या तशाच शांतपणे बोलत राहिल्या. नांदेडास माहेरी त्या तीन वर्षे गाणे शिकल्या होत्या. बुधवारी रात्री आठ वाजता भावाबरोबर सिलोनची ‘बिनाका गीतमाला’ ऐकत. (तरुण वाचकांसाठी सांगावयास हवे की, १९५२ साली केसकर नभोवाणीमंत्री झाल्यावर आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, म्हणून देशातले श्रोते सिलोनकडे वळले, आणि त्यांस परत आणण्यास सरकारला १९५७ साली विविध भारती काढावी लागली. केसकरही पुण्याचेच.) १९६५ साली लग्न होऊन काकू औरंगपुऱ्याच्या वाड्यात आल्या.

“चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी आग्रह केला म्हणून मी एक भावगीत म्हटलं. दुसरं कडवं झालं नसेल, तोच बाहेरून निरोप आला की सुनांनी गळा काढू नये. मामंजींचा निरोप. वाईट नव्हते हो ते. रोज संध्याकाळी दिवाणखान्यात बालगंधर्वांची तबकडी लावायचे. पुरुष बाईच्या आवाजात गाई, ते ऐकून डोळे पुसायचे. घरातल्या बाईचा आवाज मात्र देवघराबाहेर चालत नसे. स्तोत्रं म्हणा, आरत्या म्हणा. मी म्हटल्या.”

कोणी काही बोलले नाही.

“ह्यांच्या आवडीची ती सगळी गाणी मला पाठ आहेत,” काकू तात्यांकडे न पाहता म्हणाल्या. “पण त्यातलं एकही मी तेव्हा सलग ऐकलेलं नाही. बाहेर रेडिओ, आत मी. कुठे फोडणी द्यायची असे, कुठे कोणाला पाणी. मुखडा ऐकला तर अंतरा राहिला. पहिलं गाणं पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वरापर्यंत ऐकलं ते १९८३ साली, दादाने टेप आणला तेव्हा. दुपारी सगळे निजल्यावर. ते गाणं म्हणे वीस वर्षांपूर्वीचं होतं. असेल. मला ते त्या दुपारचं.”

“मला हे ठाऊक नव्हते,” तात्या म्हणाले.

“तुम्ही विचारलं नव्हतं.”

आमच्या मनात बालगंधर्वांच्या दशकाचा जो अभिमान क्षणापूर्वी होता तो जरा ओशाळला. त्या दशकाचे श्रेष्ठत्व त्याने कमी होते असे नव्हे. परंतु ‘मानापमाना’च्या काळी रंगभूमीवरील भामिनी पुरुष होता, आणि ज्योत्स्ना भोळ्यांसारखी कुलीन घरातील गायिका १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात उभी राहिली, हिराबाई बडोदेकर तिकीट लावून बैठका करू लागल्या, तेव्हा कोठे ती वाट उघडली, हे आम्ही पुस्तकांत वाचले होते. ती वाट औरंगपुऱ्याच्या आमच्या स्वतःच्या वाड्यापर्यंत आणखी पन्नास वर्षे पोहोचली नाही, हे मात्र वाचलेले नव्हते. दशके मोजताना आम्ही गाणे केव्हा निर्माण झाले एवढेच पाहत होतो. कोणाच्या कानापर्यंत ते केव्हा पोहोचले, हा रकानाच कागदावर नव्हता. नातीच्या कोष्टकातही काकूंपुढे प्रश्नचिन्ह होते.

रखवालदाराने वेळ झाल्याची सूचना दिली. उतरताना काकूंचा उजवा हात तात्यांनी धरला. एक्याऐंशीव्या वर्षी कोण कोणास सावरीत होते हे सांगणे कठीण. दादा दोन पायऱ्या पुढे, उलटे तोंड करून, दोघांवर डोळा ठेवून उतरत होते. मध्येच तात्या त्यांस म्हणाले, “ते पळसखेड्याचे गाणे कोणते म्हणतोस तू? घाल यादीत.” अबोला सुटला तो असा. परतताना गुलमंडीवरून इमरती घेतली. तिच्याविषयी मात्र आमच्या घरात आजवर दोन मते झालेली नाहीत.

रात्री यादी पुरी झाली. चार गाणी तात्यांची, दोन दादांची, एक वामनदादांचे, ‘सैराट’चे एक, वहिनींचे एक (त्यांना न विचारताच), आजोबांच्या स्मृतीस एक नाट्यपद, एक नाथांचे भारूड. बाराव्या ओळीवर तात्यांनी स्वहस्ते काकूंचे नाव लिहिले आणि पुढे जागा मोकळी ठेवली. काकूंनी स्वतः गावे, असा मुलांचा आग्रह. त्यांनी साफ नकार दिला. “आवाज गेला आता. आणि इतक्या माणसांपुढे मला गायचंही नाही. ते १९८३ सालचं गाणं त्या मुलीला म्हणू दे. मी बसून ऐकीन. आतून नव्हे हं, पुढच्या रांगेत.”

तशी खुर्ची मांडली. कार्याच्या दिवशी दुपारी दोनशे पाने उठली. उष्टी-खरकटी, आहेर, निरोप यांत संध्याकाळ कधी झाली हे कळले नाही. बैठक सातास सुरू झाली. काकू हिरवी पैठणी नेसून तात्यांच्या शेजारी बसल्या. तिसऱ्या गाण्यास आतून कोणी तरी, सवयीने, “काकू, वेलदोडे कुठे ठेवलेत?” असे विचारीत आले, वहिनींनी त्यास दारातूनच परत फिरविले. बारावे गाणे सुरू झाले तेव्हा काकूंनी डोळे मिटले नाहीत, मान डोलविली नाही; गाणाऱ्या मुलीच्या तोंडाकडे टक लावून त्या बसल्या होत्या. दुसऱ्या कडव्यात त्या मुलीने एक जागा वेगळी घेतली. काकूंची भुवई किंचित वर गेली. तीन वर्षे शिकलेले ते कान अजून शाबूत होते.

मध्यंतरातील चहा दादांनी केला होता. साखर दुप्पट पडली होती आणि वेलदोडे शेवटपर्यंत सापडले नाहीत.